वजनकाट्याच्या अलीकडे

साखर कारखान्यात उसाच्या गाडीचे वजन दोनदा होते. आधी भरलेली गाडी काट्यावर चढते, मग गव्हाणीशी ऊस रिकामा करून तीच गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन आकड्यांची वजाबाकी झाली की पावती निघते. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव असते, गाव असते, लागणीचा ऊस की खोडवा ते असते, वाहनाचा नंबर असतो, मुकादमाचा नाहीतर टोळीचा कोड असतो. तो ऊस पहाटे चारला उठून ज्या नवरा-बायकोने तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून गाडीत चढवल्या, त्यांचे नाव तेवढे नसते. रास्त भावाबद्दल आपल्याकडे आणि जगात जे काही बोलले जाते, ते बहुतेक सगळे या पावतीपासून सुरू होते. मला पावती फाटण्याच्या आधीबद्दल बोलायचे आहे. पण तिथे जायचे तर थोडी वाकडी वाट करावी लागेल.

अंकुशनगर म्हणजे कारखान्याभोवती उभी राहिलेली वसाहत. जालना जिल्हा, अंबड तालुका, महाकाळ्याचे शिवार. अंकुशराव टोपे यांचे नाव गावालाही आणि समर्थ सहकारी साखर कारखान्यालाही. दुसरे युनिट घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरीला. धुळे-सोलापूर महामार्गाने खाली गेले की शहागडला गोदावरीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की गेवराई, म्हणजे बीड जिल्हा. अलीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यामुळे ऊस. पलीकडच्या तालुक्यातल्या ज्या गावांना पाणी नाही, तिथून ऊस तोडायला माणसे निघतात. अर्थात नकाशा इतका सरळ नाही. अंबड-घनसावंगीच्या माळावरच्या तांड्यांतूनही दिवाळीनंतर गाड्या भरून जातात, आणि गेवराईतही काठाला ऊस आहेच. तरी ढोबळमानाने कालवा कुठे पोचला यावर कोण ऊस लावणार आणि कोण तोडणार हे ठरते.

‘फेअर ट्रेड’ हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही. युरोपातल्या दुकानात कॉफीच्या, चॉकलेटच्या, साखरेच्या पाकिटावर जो निळा-हिरवा शिक्का दिसतो, त्यामागची चळवळ तशी साधी. १९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ नावाने पहिला शिक्का निघाला. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या छोट्या कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था, तिच्यात काम करणारे फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच धर्मगुरू आणि निको रोझेन, असा तो मेळ होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला, भाव कोसळले, आणि शिक्क्याची गरज आपोआप पटली. कल्पना अशी की बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमतीखाली खरेदी करायची नाही, आणि किमतीवर थोडा जादा निधी संस्थेला द्यायचा. तो निधी शाळेवर खर्च करायचा की रस्त्यावर, ते सभासदांनी सभेत ठरवायचे. ग्राहक दोन पैसे जास्त मोजतो, त्यातले काही शेतकऱ्यापर्यंत जातात.

कॉफीच्या बाबतीत हा आधार खरा आहे. साध्या धुतलेल्या अरेबिका कॉफीची हमी किंमत बरीच वर्षे पौंडाला १ डॉलर ४० सेंट होती, ऑगस्ट २०२३ पासून ती १ डॉलर ८० सेंट झाली. साखरेचे मात्र वेगळे आहे. फेअरट्रेडच्या साखरेला किमान किंमतच नाही. जगात साखरेचा भाव इतक्या देशांच्या अनुदानांनी, कोट्यांनी आणि आयातकरांनी वाकवलेला आहे, की ‘रास्त’ आकडा काढायचा कुठून हा प्रश्न त्या संघटनेलाही सुटला नाही. म्हणून साखरेवर फक्त निधी मिळतो, टनाला ६० डॉलर, सेंद्रिय असेल तर ८०. २००८ मध्ये ‘टेट अँड लाइल’ने ब्रिटनमधली किरकोळ साखर फेअरट्रेड केली तेव्हा मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या ऊस उत्पादकांना त्याचा मोठा लाभ झाला. सप्टेंबर २०१७ अखेर युरोपीय संघाने बीट साखरेवरचे कोटे उठवले, युरोपात घरचीच साखर स्वस्त झाली, आणि शिक्क्याच्या उसाचे गिऱ्हाईक आटले.

हा ६० डॉलरचा निधी आपल्या हिशेबात बसवून पाहू. दहा टन उसातून साधारण एक टन साखर निघते असे धरले, तर टनभर उसामागे सहा डॉलर, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

आता गंमत अशी की शिक्का नसलेल्या अंकुशनगरच्या ऊस उत्पादकाला कागदावर जे मिळालेले आहे, ते फेअरट्रेडने जगातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला दिलेले नाही. त्याच्या उसाला कायद्याने बांधलेला दर आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, त्यात २००९ ची दुरुस्ती, आणि तेव्हापासून ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे सगळे ज्याला एफआरपी म्हणतात तो. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, टनाला ३,४०० रुपये, २०२५-२६ ला ३,५५०. उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी एका मर्यादेखाली दर उतरत नाही. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. वर २०१३ चा राज्याचा कायदा, ज्याने कारखान्याच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला ठरवून दिला. शिवाय कारखाना त्याचाच. तो सभासद आहे आणि एका माणसाला एक मत आहे. फेअरट्रेडच्या नियमावलीत लोकशाही संस्था हवी, निधीचा निर्णय सर्वसाधारण सभेत हवा, असे जे लिहिलेले असते ते महाराष्ट्राने प्रवरानगरला १९५० साली करून दाखवले होते. त्या सभांमधून पुढे ‘मंजूर, मंजूर’ हा एकच आवाज का येऊ लागला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे सगळे फुकट मिळालेले नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये मागत रस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. शेतमालाला रास्त भाव ही मागणी पुढे सगळ्या राज्याची झाली. पुढे राजू शेट्टींच्या पिढीने ऊस परिषदा भरवल्या, गाड्या अडवल्या. युरोपात रास्त भाव ग्राहकाच्या सदसद्विवेकातून आला, इथे तो रस्त्यावर उतरून घ्यावा लागला. मला दुसरी वाट जास्त टिकाऊ वाटते. ग्राहकाचे मन महागाईत बदलते, कायदा बदलायला निदान संसद किंवा मंत्रालय लागते.

बांधलेल्या दराचा परिणाम काय होतो ते अंबड तालुक्यात उघड्या डोळ्यांनी दिसते. कापूस, सोयाबीन, मोसंबी यांचे भाव मोंढ्यावर गेल्यावर कळतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही एक शिक्काच, पण आंबिया बहाराची फळगळ झाली किंवा आवक एकदम वाढली तर त्या मानांकनाचा बागायतदाराला काय उपयोग? उसाचे तसे नाही. गारपिटीने तो पूर्ण झोपत नाही, व्यापारी येऊन त्याची प्रत पाडत नाही, आणि तो गेला की बँकेत पैसे येणार हे ठाऊक असते. मुलीचे लग्न, इंजिनिअरिंगची फी, पाइपलाइनचे कर्ज या सगळ्यांची तारीख उसाच्या बिलावर धरलेली असते. गोदाकाठच्या गावांत गेल्या तीन-चार दशकांत जी दुमजली घरे उठली त्यांच्या पायात उसाचा दर आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

पण दर बांधला की सगळेच त्या पिकाकडे धावतात. २०२१-२२ च्या हंगामात हे मराठवाड्याने सोसले. पावसाळे चांगले झाले होते, जायकवाडीचा नाथसागर भरला होता, ज्याला कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी त्याने ऊस लावला होता. महाराष्ट्रात त्या वर्षी विक्रमी, सुमारे १३७ लाख टन साखर झाली, आणि तरीही जालना, बीड, लातूर, उस्मानाबाद या जिल्ह्यांत मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा होता. गाळप जूनपर्यंत ओढावे लागले. लांब नेलेल्या उसाच्या वाहतुकीला आणि घटलेल्या उताऱ्याला सरकारला अनुदान द्यावे लागले. उभ्या फडाला तुरे आले, वजन घटले. दर कितीही असो, तोड मिळाली तर तो दर!

मग तोड मिळण्याचाच बाजार तयार झाला. शेतकी विभागाच्या नोंदीतला क्रम एक आणि प्रत्यक्षातला दुसरा. टोळीला ‘खुशाली’ द्यायची, गाडीच्या ड्रायव्हरला ‘एन्ट्री’ द्यायची, वर जेवण. खुशालीचा आकडा एकराला काही हजारांत जातो. साखर आयुक्तालय परिपत्रके काढते, तक्रारीचे नंबर देते, पण फडात कोयता थांबला की परिपत्रक वाचायला कुणाला वेळ नसतो. हमी किमतीचा काही भाग असा रांगेत झिरपून गेला.

नेमके हेच ग्वाटेमालात दिसले आहे. द जानव्री, मॅकिंटॉश आणि सादुले या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या कॉफी सहकारी संस्थांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. फेअर ट्रेडचा भाव चांगला म्हणून प्रमाणपत्र घेणारे वाढत गेले. त्या भावाने घेणारे गिऱ्हाईक तेवढे वाढले नाही. मग प्रमाणित कॉफीतला थोडाच हिस्सा चढ्या भावाने विकला जाऊ लागला, उरलेली साध्या बाजारात, आणि प्रमाणपत्राचा खर्च मात्र सगळ्या मालावर. सरासरी काढली तर हाती फारसे काही उरेना. तिथे गळती प्रमाणपत्रात झाली, इथे खुशालीत. किमतीची हमी द्यायची आणि मागणीची द्यायची नाही, की फरकाची रक्कम कुणीतरी मधल्यामध्ये उचलतोच.

वरून सरकार तिन्ही बाजूंनी दोऱ्या ओढत असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरला आणि एफआरपी दर एक-दोन वर्षांनी चढत गेली तरी पुढची अनेक वर्षे तो तिथेच थिजला. निर्यातीवर बंधने आली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने लगाम बसला, त्यासाठी कर्ज काढून उभे केलेले प्रकल्प पाहत राहिले. शहरातल्या ग्राहकाला साखर स्वस्त हवी, शेतकऱ्याला दर हवा, आणि दोघांतला फरक कारखान्याने कुठून तरी आणावा. मग कारखाने एफआरपीचे तुकडे मागतात. राज्य सरकारने २०२२ मध्ये दोन टप्प्यांची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आणि आपल्या या रास्त दराला जगात काय म्हणतात? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला, होय, तोच ग्वाटेमाला, यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली की उसाला इतका चढा दर बांधून आणि निर्यातीला मदत देऊन भारत जगातला साखरेचा भाव पाडतो. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या समितीने भारताच्या विरोधात निकाल दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाचा आधार मान्य १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला असे तिचे म्हणणे. भारताचा युक्तिवाद होता की हा दर सरकार देत नाही, कारखाने देतात. भारताने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच नेमणुकांअभावी बंद पडलेले, म्हणून प्रकरण लटकले. अंबडच्या शेतकऱ्याचा रास्त भाव ग्वाटेमालाच्या ऊस उत्पादकाला अन्याय वाटतो. श्रीमंत देश बीटला आणि मक्याच्या साखरेला जे वर्षानुवर्षे देत आले ते पाहता या खटल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, पण ग्वाटेमालाच्या बाजूनेही काही बोलता येते हे खरे.

आता काट्याच्या अलीकडे येतो.

एफआरपी हा कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा दर आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. टनाला आठशे-नऊशे रुपये सहज. जे हातात येते त्याला गावात सगळे ‘निव्वळ’ म्हणतात आणि भांडण त्या निव्वळवरच होते. या वजावटीत तोडणीचा भाग किती? जानेवारी २०२४ मध्ये संप आणि बैठकांनंतर ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. हा दर एका कोयत्याचा, आणि एक कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तर सातशे-साडेसातशे रुपये, दोघांचे. मघाचा आकडा आठवा. युरोपातला ग्राहक निव्वळ सद्भावनेपोटी टनभर उसामागे पाचशेच्या आसपास जादा देतो. तोच टन तोडून, सोलून, बांधून, वाहून दोन माणसांना मिळतात ३६६.

तेही रोखीने रोज मिळत नाहीत. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, लाखाच्या आसपास किंवा त्यावर, कुणाची आजारपणात गेलेली, कुणाची जुन्या फेडीत. मग पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून ती तोडून फेडायची. खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. वही मुकादमाकडे. बाईच्या नावावर त्या वहीत ओळसुद्धा नसते. ती अर्धा कोयता आहे, आणि नवरा नसेल तर अर्ध्या कोयत्याला उचल मिळवतानाच दमछाक होते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. यामागे डॉक्टरांचा लोभ होता, भीती होती, पाण्याची आणि आडोशाची वानवा होती, आणि पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही हे साधे गणितही होते.

पाच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधवृत्तांत छापला: बालविवाह, बालमजुरी, उचलीचा फास, शस्त्रक्रिया. तेव्हा जगाला कळले की कोका-कोला आणि पेप्सिको यांची साखर इथूनही जाते, आणि ‘बोनसुक्रो’ नावाचे शाश्वत उसाचे प्रमाणपत्र अशा साखरेवर लागू शकते. तपासनीस कारखान्याच्या दारातून आत जातो, कागद पाहतो, आणि फडापर्यंत पोचला तरी त्याच्याशी बोलायला मुकादम पुढे होतो. शिक्के देणाऱ्यांची ही अडचण जुनी आहे. लंडनच्या ‘सोआस’मधल्या ख्रिस्तोफर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडातला अहवाल दिला होता. फेअर ट्रेड संस्था असलेल्या भागांतल्या शेतमजुरांना इतरत्रापेक्षा कमीच मजुरी मिळताना दिसली. फेअरट्रेडवाल्यांनी आक्षेप घेतला की छोट्या शेतकऱ्यांची तुलना मोठ्या मळ्यांशी केली आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरी मूळ मुद्दा उरतोच: भाव शेताच्या मालकाशी ठरतो, आणि मालक छोटा व गरीब असला की त्याच्याकडे कामाला येणारा त्याहून गरीब माणूस कुणाच्याच नियमावलीत बसत नाही.

इथे आणखी एक गाठ आहे. कोप्यांवर राहणारा बहुतेक माणूस स्वतः शेतकरीच असतो. गेवराईच्या, मंठ्याच्या, परतूरच्या माळावर त्याची दोन एकर कोरडवाहू, कापूस किंवा बाजरी-तूर, पावसाने दगा दिला की संपली. त्याच्या पिकाला एफआरपी नाही. विकसनशील देशातल्या शेतकऱ्यावर रास्त व्यापाराचा परिणाम काय, असे कुणी विचारले तर मी आधी विचारीन, कालव्यावरच्या की माळावरच्या?

आणि या दोघांना आपल्या पद्धतीने समोरासमोर उभे केले आहे. कोयत्याचा दर ३४ टक्के वाढला, तो वजावटीतून शेतकऱ्याच्याच बिलावर आला. म्हणजे तोडकऱ्याची प्रत्येक वाढ ऊसवाल्याच्या निव्वळमधून. मग तोडकऱ्यांच्या संपात ऊस संघटनांनी त्यांच्या बाजूने मनापासून उतरावे, ही अपेक्षा फोल नाही काय? कारखाना मध्ये हात झटकून उभा, आणि साखर घेणारा तर चित्रातच नाही.

माझे मत असे आहे की तोडणीचा खर्च एफआरपीच्या वजावटीतून काढून साखरेच्या किमान विक्रीदरात वेगळा धरायला हवा. टनभर उसाची सुमारे शंभर किलो साखर होते. कोयत्याला टनामागे आणखी शंभर रुपये द्यायचे ठरवले तर किलोमागे रुपया पडतो. देशातल्या साखरेचा निम्म्याहून जास्त वाटा शीतपेये, बिस्किटे, मिठाई यांच्याकडे जातो. हा रुपया त्यांच्या बिलावर पडला तर दिवाळीचा फराळ महागल्याची ओरड होईल, पण ती फार दिवस टिकेलसे वाटत नाही.

दुसरी गोष्ट पावतीची. कारखान्यांचीही एक रास्त तक्रार आहे: मुकादम दोन-दोन ठिकाणी उचल घेतात, टोळी येतच नाही, वाहतूकदाराचे लाखो बुडतात, पोलिसात फिर्यादी पडून राहतात. ही फसवणूक चालते याचे कारण कारखान्याला माणसे माहीतच नाहीत, फक्त कोड माहीत आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचे ठरले आहे, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे वाटली गेली आहेत. मग त्या ओळखपत्राचा नंबर वजनपावतीवर का येत नाही? लागण, खोडवा, उसाची जात, वाहन हे सगळे छापणाऱ्या संगणकाला आणखी दोन नंबर जड नाहीत, एक नवऱ्याचा, एक बायकोचा. तेवढे झाले की तोडलेल्या टनांचा हिशेब तिला मुकादमाची वही न उघडता मोबाइलवर पाहता येईल, तिच्या वाट्याचे १८३ रुपये तिच्या खात्यात टाकता येतील, आणि तपासायला येणाऱ्या कुणालाही विचारायला नाव असेल. कारखाने सहकारी असोत की खासगी, यासाठी नवा कायदा लागत नाही. गळिताची मोळी पडण्याआधी करार होतात तेव्हाच ही अट त्यात घालावी लागेल.